कागदाले शिंगं हायेत का?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पांढरकवड्यात आमची प्रेस आहे. लग्नपत्रिका, वास्तुपूजन, दुकानाच्या उद्घाटनाची हँडबिलं, असं आमचं काम. पत्रिका छापली, लग्न झालं, विषय संपला. पण दिलूताईंचं पुस्तक प्रेसमध्ये आलं की त्याच्या मागून किस्से येतात. पुस्तकाच्या कॉपी विकून संपतात, किस्से मात्र प्रेसमध्येच मुक्काम करतात! चहाच्या वेळी कोणीतरी म्हणतंच, "गजू, तो बसचा सांग ना." मी सांगत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. नववीत शाळा सोडली त्याचं अर्धं कारण हेच. लिहिता मात्र येतं. प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर दिवसभर दुसऱ्यांचंच टाइप करतो, आज स्वतःचं करतो आहे.

दिलूताई म्हणजे दिलकुमारी घर्ती. माहेर-सासर दोन्ही पश्चिम नेपाळच्या डोंगरातलं. नवऱ्याला, म्हणजे प्रेमभाऊंना, इथल्या कापसाच्या जिनिंगवर चौकीदारी मिळाली आणि त्यांच्यामागे ताई आल्या. आता दोघांची बसस्टँडजवळ मोमोची गाडी आहे. संध्याकाळी मोमो, सकाळी लिखाण. तीन पुस्तकं झाली. पहिलं हायवेवरच्या ढाब्यांचं, दुसरं कापूस वेचणाऱ्या बायांचं, तिसरं आठवडी बाजारांचं. सगळी खऱ्या माणसांची, मनानं रचलेलं एक वाक्य नाही.

चौथं पुस्तक झडत्यांचं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असतात, तेव्हा एखादा म्हातारा पुढे होऊन मोठ्यानं चार ओळी टाकतो. गावातल्या कोणाची तरी फिरकी घेतो, आणि सगळे ओरडतात, "हर बोला हर हर महादेव!" ती झडती.

हे चौथं पुस्तक या वर्षी अडलं होतं. कारण ताईंचा एक नियम आहे. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते आधी वाचून दाखवायचं. तो 'हो' म्हणाला तर छापायचं, नाही म्हणाला तर नाही. आणि राळेगाव तालुक्यातले सोमाजी आबाजी, ज्यांच्यासारखी झडती जिल्ह्यात कोणी टाकत नाही, ते 'हो' म्हणत नव्हते.

त्या गोष्टीवर येतो. पण आधी पहिल्यापासून.

*

ताई पहिल्यांदा प्रेसमध्ये आल्या त्या तांदळाची पिशवी घेऊन. आमचे मालक वसंतभाऊ काउंटरवर होते. त्यांनी ताईंना मोमोच्या गाडीवर पाहिलेलं.

"या ताई. मेन्यूकार्ड छापाचं असन?"

ताई पिशवीची गाठ सोडण्यात गुंतल्या होत्या. "हो, छापाचंच हाय."

"एकीकून का दोन्हीकून?"

"दोन्हीकून."

"लॅमिनेशन करू का? वर पाणी सांडलं तरी खराब होत नाही."

"मंग करा. आमच्या इथं लय पाणी सांडते."

"पानं?"

"अडीचशे."

भाऊंनी पेन खाली ठेवला. "ताई, एवढ्याशा गाडीवर अडीचशे पानाचे आयटम?"

तेवढ्यात गाठ सुटली आणि हातानं लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा बाहेर आला. भाऊंनी पहिलं पान उभ्यानं वाचलं. दुसरंही उभ्यानं. मग खुर्ची ओढून बसले. एक नवरदेवाचा बाप पत्रिका घ्यायला आला, त्याला म्हणाले, "उद्या या." लग्नच उद्या होतं! पत्रिका मी दिली.

बऱ्याच वेळानं भाऊंनी मान वर केली. "ताई, हा आचारी, मालकासोबत भांडण झालं का डाळीत मीठच टाकत नाही म्हणता, तो खराच हाय का?"

"हाय ना. आज सकाळीच भांडण झालं. जाऊन पाहा."

भाऊंनी खरंच मोटरसायकल काढली. तासाभरानं परत आले. हातरुमालानं तोंड पुसत म्हणाले, "नाही टाकलं! ताई, छापतो!"

*

ताई मराठी शिकल्या कशा, हे सगळे विचारतात. अक्षरं तर नेपाळीची आणि आपली एकच. माणसं तेवढी नवीन होती. गाडीवर पार्सल बांधायला रद्दी यायची. ताई आधी ते पान पूर्ण वाचायच्या, मगच त्यात मोमो बांधायच्या.

गिऱ्हाईक ओरडायचं, "ताई, थंडे होऊन राह्यले ना मोमो!"

"थांब ना गा भाऊ, चोर सापडाचा बाकी हाय!"

*

पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनावरून वाद झाला. आमचे प्रूफरीडर देवतळे गुरुजी, रिटायर हेडमास्तर, शिस्तीचे. ते म्हणाले, "प्रकाशन सभागृहात होतं. मंचावर हार, खाली खुर्च्या."

ताई म्हणाल्या, "गुरुजी, ढाबेवाले ढाबा सोडून येतीन कसे? त्याईच्या तव्यावर रोट्या कोन भाजन?"

म्हणून प्रकाशन ढाब्यावर झालं. त्याच आचाऱ्याच्या हातून. एका हातात झारा, एका हातात पुस्तक, असा त्याचा फोटो प्रेसमध्ये लावलेला आहे. कॉपींची थप्पी आम्ही काउंटरशेजारी टेबलावर ठेवली होती.

तेवढ्यात आदिलाबादकडे जाणारी एक ट्रॅव्हल्स जेवायला थांबली. प्रवासी जेवले, बिल दिलं, आणि बडीशेप उचलावी तशी जाता जाता एकेक कॉपी उचलून बसमध्ये बसले! त्यांना वाटलं, थाळीबरोबर फ्री आहे. टेबल रिकामं! वसंतभाऊ भांबावले. "अरे गजू, पुस्तकं गेली! पळ!"

मी पळालो. बसच्या दारापर्यंत पोचलोही. पण दारात उभा राहून एवढ्या लोकांना 'पैसे द्या' म्हणायचं, हे माझ्याच्यानं होईना. मी नुसता उभा. ड्रायव्हर शेखचाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून प्रवाशांच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्यावर पुस्तकात पूर्ण एक प्रकरण आहे. त्यांनी इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

"सुनो भाई लोग! इस किताब में मैं हूँ. मेरा वाला चॅप्टर जिसने पढा नहीं, उसका आदिलाबाद कॅन्सल. पढो, फिर पसंद नहीं आई तो वापस करो."

एसी बंद. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सगळी बस मान खाली घालून वाचायला लागली. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजारी वाचून दाखवू लागले. मधूनच कोणीतरी हसायचं आणि चाचांकडे बघायचं. चाचा मिशीवर हात फिरवत सरळ समोर पाहत बसलेले.

एकही कॉपी परत आली नाही. सगळ्यांनी पैसे दिले. एका तेलुगू आजोबांनी तर जास्तीचे दिले आणि चाचांना म्हणाले, "सही करो."

चाचांनी केली. लेखकाच्या जागी!

*

आता कापसाचा. दुसऱ्या पुस्तकाचं वाचन राळेगावकडच्या एका गावात होतं, समाजमंदिरासमोर. वेचणाऱ्या बायांची पूर्ण टोळी चटया टाकून बसली होती. ताई वाचायला लागल्या आणि पहिल्याच पानावर सुमनबाईंनी हात वर केला. सुमनबाई म्हणजे टोळीची पुढारी.

"थांब व ताई. माह्या नावापुढं 'गरीब' कायले लिवलं?"

ताई म्हणाल्या, "काढू का?"

"काढ. त्या जागी काही जबर लिव."

ताईंनी काढलं. पुढे वाचलं, "टोळीत सगळ्यात जास्त कापूस सुमनबाई वेचतात." सुमनबाई खूश. पण मागून चंद्रकला उठली. ताठ, पदर खोचलेला.

"कोन म्हणते?"

"ताईनं लिवलं न," सुमनबाई म्हणाल्या.

"ताई काय वजनाच्या काट्यावर बसली होती? माह्यापेक्षा जास्त येचतं तू? हट!"

बायांचे दोन भाग झाले. आवाज इतका वाढला की गावातली कुत्री भुंकायला लागली. ताईंनी दोन्ही हात वर केले. "बायाहो, भांडू नका. उद्या येचून दाखवा. जे होईन ते लिवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पार्ट्या वावरात! वावर ज्या कास्तकाराचं होतं तो आठ दिवसांपासून मजूर शोधून थकला होता. त्याला कळेनाच हे काय चाललं आहे. सुमनबाईंची पार्टी एका बाजूनं, चंद्रकलाची दुसऱ्या बाजूनं. कोणी पाणी प्यायला थांबेना. दुपारपर्यंत पांढरं वावर पुरतं रिकामं झालं. काटा लावला. चंद्रकलाचं थोडं जास्त भरलं.

सुमनबाईंनी चंद्रकलाच्या गाठोड्यात हात घातला आणि कापसासोबत वाळलेला पाला वर काढला. "हे पाहा! अर्धा कचरा येचला हिनं!"

शेवटी पुस्तकात असं छापलं: "सगळ्यात जास्त वेचणारी चंद्रकला, सगळ्यात साफ वेचणारी सुमनबाई." दोघींनी आमच्यासमोर 'हो' म्हटलं. दोघींनाही वाटतं, आपलं वाक्य वरचढ आहे.

आम्ही निघालो तर कास्तकार धावत धावत रस्त्यापर्यंत आला. हात जोडून म्हणाला, "ताई, पुढचं पुस्तक तुरीवर लिवा ना! माह्या शेंगा उभ्याच हायेत!"

*

एकदा एका पेपरचा माणूस मुलाखतीला आला. त्यानं विचारलं, "तुमची मातृभाषा नेपाळी. मग मराठीतच का लिहिता?"

ताई मोमोला चुण्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्याईच्याबद्दल लिवते त्याईले माह्यासंग भांडाले तं आलं पाह्यजे! नेपाळीत लिवलं तं भांडाले कोन येईन?"

*

याच कापसाच्या पुस्तकाला यवतमाळात एका संस्थेनं पुरस्कार दिला. ताई जिनिंगच्या दिवसांतली जुनी पण इस्त्रीची साडी नेसून आल्या. सुमनबाई, चंद्रकला आणि त्यांची टोळी टेम्पो करून आली होती. आम्ही प्रेसवाले तिसऱ्या ओळीत. गुरुजींनी कोट घातला होता.

नाव पुकारलं, ताई मंचावर गेल्या आणि पुढच्या ओळीतले एक गृहस्थ उठले. स्वच्छ कपडे, चष्मा. सभ्यपणेच बोलले, पण बोलले. "माझा व्यक्तीला विरोध नाही. पण हा पुरस्कार आपल्या मातीतल्या लेखनासाठी आहे. बाहेरून आलेल्या व्यक्तीला तो द्यावा का, याचा संस्थेनं विचार करावा."

ताई हातात नारळ घेऊन तशाच उभ्या. माझ्या शेजारी गुरुजी कोटाचं बटण लावायला लागले, म्हणजे ते बोलायला उठणार होते. पण त्यांच्या आधी मागून आवाज आला.

"ओ दादा!" सुमनबाई उभ्या होत्या. "तुमची बायको तुमच्याच गावची हाय का?"

गृहस्थ गोंधळले. "नाही. अमरावतीची आहे. त्याचा इथे काय संबंध?"

"मंग तुमच्या घरी सैपाक कोन करते? घर कोन पाहते? अमरावतीचीच ना? सून बाहेरूनच आणा लागते, दादा. गावातल्या गावात कोन करते?"

हॉलमध्ये हशा पिकला. गृहस्थ म्हणाले, "अहो, पण हा विषय वेगळा..."

चंद्रकला ओरडली, "सुमने, त्याची बायको तिकडं बायाईत बसली हाय! तिलेच विचार ना!"

सगळा हॉल बायांच्या बाजूला वळला. जांभळ्या साडीतल्या एक बाई हळूच उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "यांच्या घरात मीसुद्धा पंचवीस वर्षांपासून बाहेरचीच आहे. द्या हो त्यांना!"

टाळ्या थांबेचनात. गुरुजींनी कोटाचं बटण पुन्हा काढलं. "माझं भाषण वाया गेलं," म्हणाले. पण खुशीत होते!

*

आता माझा. हा सांगायला मला अजून लाज वाटते, पण त्याशिवाय किस्से पूर्ण होत नाहीत.

बाजाराच्या पुस्तकाचं वाचन फुलसावंगीला होतं, बाजाराच्याच दिवशी. ताईंचा घसा पूर्ण बसला होता. तोंडातून नुसती हवा येत होती. त्यांनी कागद माझ्या हातात दिले आणि खुणेनं सांगितलं, वाच.

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा खूण केली. समोर भाजीवाले, मिरचीवाले, बांगड्यावाल्या चाची, कुल्फीवाला. मी वाचायला लागलो. शाळेत वाचायचो तसंच, मान खाली, आवाज आतल्या आत.

"मोठ्यानं वाच ना गा!" मिरचीवाला ओरडला.

मी घसा साफ केला. तरी तेच. बांगड्यावाल्या चाची उठून माझ्याजवळ आल्या. माझी हनुवटी धरून मान वर केली.

"बेटा, बाजार में ऐसा बोलेगा तो शाम को सारा माल घर ले जाना पडेगा. आवाज लगा! समझ के ये किताब नहीं, टमाटर है."

काय झालं माहीत नाही. कदाचित त्यांनी हनुवटी सोडली नव्हती म्हणून. मी एकदम हाळी घातल्यासारखं वाचायला लागलो. "या हो या! मिरचीवाल्या तुकाराम दादांची मिरची..." आणि पुढचं सगळं तसंच, हेल काढून. लोक हसायला लागले, मग पुढे सरकायला लागले. कुल्फीवाल्यानं घंटी वाजवून साथ धरली. दूरची गिऱ्हाइकं पाहायला आली, काय विकून राह्यले म्हणून. एका पानावर तुकारामदादांनी मला थांबवलं, "हे पुन्हा वाच!" मी पुन्हा वाचलं. माझा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदाच ऐकला म्हणा ना.

संपलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात 'हो' म्हटलं. ताईंनी बसलेल्या घशानं टाळ्या वाजवल्या, म्हणजे हातांनीच, पण डोळे बोलत होते. आणि गर्दीच्या मागून डोक्यावर पोतं घेतलेले एक कास्तकार घाम पुसत पुढे आले. माझ्या हातातल्या कागदांकडे पाहून म्हणाले,

"कसे देल्ले किलो?"

*

तर अशी तीन पुस्तकं पार पडली. सगळ्यांनी भांडून का होईना, 'हो' म्हटलं. चौथ्याला सोमाजी आबाजी आडवे आले.

मागचे दोन पोळे ताई त्यांच्या गावात जाऊन उभ्या होत्या. सरपंच, बियाणंवाला, मास्तर, स्वतःचा जावई, सोमाजींनी झडतीत कोणाला सोडलं नाही. ताईंनी ते सगळं ऐकून लिहून काढलं. मग वाचून दाखवायला आम्ही दोघं गेलो. सोमाजी गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. अंगानं वाळलेले, पण आवाज कणखर. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. एका ठिकाणी स्वतःच्याच झडतीवर हसले. मला वाटलं, झालं काम.

"बरोबर हाय सारं," ते म्हणाले. "पण नाही."

"काहून आबाजी?" ताईंनी विचारलं.

"झडती बैलाच्या समोर म्हणाची असते. कागदाले शिंगं हायेत का?"

ताई न भांडता कागद पिशवीत भरायला लागल्या. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

निंदणाच्या, म्हणजे तण काढायच्या, दिवसांत पुन्हा गेलो. सोमाजींच्या सूनबाईंनी चहा दिला, सोमाजींनी नकार दिला. "अवं बाई, तू छापशीन. मंग कोन्हीबी वाचन. बिना बैलाचा, बिना पोळ्याचा. बाथरूममंधी आंघोय करता करता म्हणन! माह्या बापाची झडती बाथरूममंधी?"

परत येताना एसटीत ताई खिडकीबाहेर पाहत बसल्या. पाच वर्षांचं काम होतं. त्यासाठी पोळ्या-पोळ्याला गाडी बंद ठेवली, गावोगाव फिरल्या. बाकीच्या गावांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी 'हो' म्हटलं होतं. प्रेसमध्ये पानं लावून तयार होती. कागद येऊन पडला होता. सोमाजींच्या प्रकरणाची पानं तेवढी मी कॉम्प्युटरवर कोरी सोडली होती.

गुरुजी म्हणाले, "ताई, झडती एका माणसाची नसते. लोकांची असते. त्याची परवानगी लागत नाही. छापून टाका."

"गुरुजी, सुमनबाईनं 'गरीब' काढ म्हटलं तं मी काढलं. ह्या बुढ्यानं सारंच काढ म्हटलं तं ठेवू कशी?"

"मग त्याचं प्रकरण वगळा."

"बाकीचे सारे बुढे काय म्हणतेत माहीत हाय? सोमाजीबिगर पुस्तक म्हंजे बैलाबिगर पोळा." ताईंनी कागदांवर हात ठेवला. "ह्या पोळ्याले 'हो' म्हटलं तं ठीक. नाहीतर पुस्तकच नाही."

वसंतभाऊ उठून बाहेर गेले आणि बराच वेळ पानठेल्यावर उभे राहिले.

*

आणि मग पोळा.

ताई, भाऊ, गुरुजी आणि मी, आम्ही चौघंही गेलो, भाऊंच्या जुन्या कारनं. गावच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. पुरुष बैलांपाशी, बाया घरांच्या ओट्यांवर. ताई बायांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. बाया पोळ्याला ओट्यावरूनच पाहतात, झडती पुरुषच टाकतात. मी तोरणाजवळ उभा होतो.

वाजंत्री थांबली. सोमाजी आपल्या बैलाच्या कासऱ्याला धरून पुढे आले. धोतर पांढरं स्वच्छ, डोक्याला लाल फेटा. पहिली झडती सरपंचावर टाकली, हशा झाला. दुसरी मोबाइल टॉवरवर. मग ते थोडे थांबले. ओट्याकडे वळले. हात सरळ ताईंकडे केला.

"डोंगरावरून आली बाई, खांद्यावर झोळी,
आमचीच नेली भाकर तिनं, आमचीच नेली पोळी!
आमालेच वाचून दाखवते, आमच्या घरची गोष्ट,
ना पेरलं ना निंदलं बाई, पीक घेते मस्त!
हर बोला..."

"हर हर महादेव!" सगळं गाव ओरडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गुरुजींचा चेहरा पडला. भाऊ माझा दंड दाबून धरत पुटपुटले, "गेलं पुस्तक."

मी ताईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. आमच्याकडं झडतीला झडतीनंच उत्तर देतात, नाही दिलं तर तो हरला. पण हे पुरुषांचं. बाईनं तोरणासमोर झडती टाकल्याचं त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. सोमाजींच्या सूनबाई ताईंच्या शेजारी होत्या. त्यांनी ताईंच्या पाठीवर हात ठेवून हळूच पुढे ढकललं.

"जा ना व. बुढा वाट पाहून राह्यला."

ताई ओट्यावरून उतरल्या. माणसांनी आपोआप वाट दिली. बैलाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, अगदी शिंगांसमोर. बैलानं फुरफुर केलं. ताईंनी पदर डोक्यावरून घेतला, श्वास घेतला.

"पेरलं तुमी, निंदलं तुमी, गाडी नेली घरी,
मागं सांडलं ते येचाले आली डोंगरावरची पोरी!
मालक म्हणे धुऱ्यावरून, कोन हाय रे चोर?
सरवा येचणारीले अडवत नाही कास्तकाराचं पोर!
हर बोला..."

पीक घरी गेल्यावर वावरात सांडून राहतं तो सरवा, तो वेचायला आमच्याकडे कोणी कोणाला नाही म्हणत नाही. मग ओट्यांवरून, आधी ओट्यांवरूनच, बायांचा आवाज उठला, "हर हर महादेव!" त्यात पुरुषांचा मिसळला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. मीही ओरडलो. जोरात!

सगळे सोमाजींकडे पाहायला लागले. आता उलट झडती टाकायची पाळी त्यांची. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे. ओठ हलले, पुन्हा मिटले. वाजंत्रीवाल्यानं डफावर काठी टेकवून ठेवली. सोमाजींनी फेटा थोडा मागे सरकवला, ताईंकडे पाहिलं आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"हे बी लिवजो पुस्तकात! पण माही पयले, तुही मंग!"